पहिल्यावरून दुसरा पडेना

मे महिन्यात घराची कौलं परतून झाली आणि महिपत उतेकर शिडीवरून खाली उतरायला लागला. शेवटची पायरी झाली असं समजून त्यानं डावा पाय जमिनीवर टाकला, पण जमीन अजून एक पायरी खाली होती. सकाळपासून छपरावर माकडासारखा फिरलेला माणूस अंगणात कोंबड्यांच्या मधोमध बसकण मारून पडला. घोटा बघता बघता सुजला. तो बायकोला एवढंच म्हणाला, "राही, पाणी आण. आणि चंदूला सांग रिक्षा काढ म्हणून."

शेजारच्या चंदूनं त्याला रिक्षात घालून महाडला नेलं. हाड मोडलं होतं. पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला आणि महिपत ओटीवरच्या खाटेवर आला.

उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला आमची वाडी आहे. घरं थोडी, चढ फार. एस.टी. खालच्या फाट्यापर्यंत येते, तिथून वर पायी. त्यामुळे महिपतची मोटरसायकल ही नुसती महिपतची नव्हती. कुणाची गोळ्यांची चिठ्ठी, कुणाचा पिठाचा डबा, कुणाची मुंबईहून आलेली लेक, असं सगळं त्या गाडीवरून वर यायचं. महाडच्या एका मास्तरांकडून त्यानं ती जुनीच घेतली होती, तेव्हा त्याची समीक्षा चौथीत होती. आता समीक्षा महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे, आणि गाडी अजून तीच आहे. चार गिअर, चारही पुढे दाबून टाकायचे.

तरुणपणी महिपत मुंबईत छापखान्यात मशीनवर होता. छापखाना बंद पडला तसा तो गावी आला, भात-नाचणी करायला लागला, पण यंत्राची सवय हातातून गेली नाही. गाडी त्यानं कधी गॅरेजला दाखवली नाही. पोलादपूरला मुरारीचं चांगलं गॅरेज आहे, मुरारी त्याच्या ओळखीचाही आहे. दोघं एकत्र चहा पितात. पण गाडी बाहेर लावायची, आत न्यायची नाही, असा महिपतचा नेम. "गाडीला एकच हात ठावा पायजे," असं तो म्हणायचा.

दुसरं त्याचं वेड म्हणजे नाच. गौरी-गणपतीत आमच्याकडं पायात चाळ बांधून गोलात नाचतात. आमच्या वाडीच्या नाचाचा पुढारी महिपत. भाताची लावणी उरकली की तालमी सुरू व्हायच्या, आणि खालच्या दोन वाड्यांतही तो शिकवायला जायचा. संध्याकाळी गाडीचा आवाज उताराला लागला की पोरं चाळ घेऊन बाहेर यायची.

त्या वर्षी लावणी त्याच्याशिवाय झाली. तो खाटेवरून सूचना करायचा आणि शेतातल्या बाया वाऱ्यावर आलेलं ऐकून घ्यायच्या. प्लास्टर निघालं तेव्हा पावसाची झड लागलेली होती. पाय बारीक झाला होता, भोपळ्याच्या वेलाच्या देठासारखा. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोमट पाण्यात पाय ठेवा, घोटा वर-खाली करा, रोज करा, कंटाळू नका. महिपतनं चार-सहा दिवस केलं. घमेल्यात पाय घालून बसलेला माणूस स्वतःलाच मूर्ख वाटतो, असं त्याचं म्हणणं. मग एके दिवशी तो काठी टेकत पडवीत गेला आणि गाडीवरचं प्लास्टिक काढलं.

गाडीची दशा पायासारखीच होती. पडवीत बांधलेल्या पाड्यानं अंग घासता घासता ती डाव्या कुशीवर पाडली होती. चंदूनं उचलून उभी केली, पण कुणी नीट बघितलं नव्हतं. क्लचची वायर गंजून बसली होती. महिपतनं ती काढली, तेल सोडलं, पुन्हा बसवली. प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या किका मारून मारून सुटल्या. किक उजव्या पायाची, म्हणून बरं. इंजिन चालू झालं तेव्हा राहीबाई चुलीजवळून उठून दारात आली. घरात पुन्हा कुणी बोलायला लागल्यासारखं तिला वाटलं.

महिपतनं पहिला टाकला. पडला. गाडी अंगणातून निघाली, देवळाकडं वळली. तिथं दुसरा टाकायचा. त्यानं दाबला, काही झालं नाही. पुन्हा दाबला. गाडी पहिल्यातच ओरडत राहिली. देवळाला वळसा घालून तो तसाच ओरडत परत आला.

चंदू ओट्यावरून म्हणाला, "मला वाटलं हेलिकॉप्टर उतरतंय."

"पहिल्यावरून दुसरा पडत नाय," महिपत म्हणाला. "गिअर अडकतोय."

तिथून पुढं त्याचं ठरलं. तो खाली वाकला आणि बघितलं तर गिअरची दांडी आत वाकलेली, इंजिनाला घासत होती. गाडी डावीकडं पडली तेव्हा वाकली असणार. दाबल्यावर घासल्यामुळं ती परत जागेवर येत नव्हती, आणि दांडी परत आल्याशिवाय पुढचा गिअर पडत नाही. महिपतला बरं वाटलं. कारण सापडलं की तो अर्धा बरा व्हायचा. त्यानं दांडीचा बोल्ट काढला, ती ओढून बाहेर घेतली, कपडे धुवायच्या दगडावर ठेवून हातोडीनं सरळ केली, पुन्हा बसवली. गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक फिरवत हातानं दांडी दाबून बघितली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी दांडी टक्‌कन जागेवर येत होती.

मग तो गाडीवर बसला, देवळापर्यंत गेला, आणि पहिल्यातच ओरडत परत आला.

"हातानं पडतो, चालवताना पडत नाय," त्यानं राहीबाईला समजावलं. "म्हंजे इंजिन गरम झालं का आत कायतरी धरतंय. ऑईल खराब झालं असणार."

ऑईल खराब झालंच होतं. डांबरासारखं काळं निघालं. नवीन घातलं. गिअर थोडा मऊ झाला, पण पडेना.

"मुरारीकडं न्या की," राहीबाई म्हणाली.

"पहिल्यात पोलादपूरपर्यंत नेऊ? इंजिन वितळंल."

"चंदूच्या रिक्षाला बांधून न्या."

महिपतनं पान्यांचा डबा पुढं ओढला. आपली गाडी दोरीनं बांधून पोलादपूरच्या नाक्यावरून ओढत नेलेली त्याच्या डोळ्यांसमोर आली असावी.

आता एकच उरलं होतं. गिअरच्या दांडीला परत जागेवर आणणारी स्प्रिंग इंजिनाच्या पोटात असते. ती तुटली की दांडी दाबलेलीच राहते. महिपतच्या मते ती तुटली होती. तिच्यापर्यंत जायचं तर उजव्या बाजूचं झाकण उघडून सगळा क्लच बाहेर काढायचा. हे काम त्यानं पूर्वी एकदाच केलं होतं. क्लचचा नट उघडायला लागतो तो पाना विकत घेतलेला नव्हता, त्यानं स्वतः पाईप घासून दाते पाडून बनवलेला होता. तो माळ्यावरून शोधून काढण्यात राहीबाईची एक दुपार गेली.

पडवीत जुनं लुगडं अंथरून त्यानं गाडी उघडली. काढलेला प्रत्येक भाग क्रमानं ठेवायला ताटं लागत होती. राहीबाई एकेक ताट देत गेली. शेवटी जेवायला केळीची पानं आली. सुंदराबाई, चंदूची आई, ताक मागायला आली ती बघतच राहिली. "काय गो, कोण जेवायला बसलंय?" तिनं विचारलं.

"गाडी," राहीबाई म्हणाली.

महिपत तोवर स्प्रिंगपर्यंत पोचला होता. त्यानं ती बोटांत धरून उजेडात बघितली. स्प्रिंग धडधाकट होती. कुठं तडा नाही, ढिली नाही, तिची दोन्ही टोकं जिथं असायला हवीत तिथंच. तो ती दाबून बघायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. राहीबाई समोर बसली होती. ती सांगते, त्या वेळी महिपतचा चेहरा बघून तिला पहिल्यांदा काळजी वाटली. तुटलेली स्प्रिंग सापडली असती तर तो ओरडला असता, हसला असता.

तरी त्यानं महाडहून नवीन स्प्रिंग मागवली, नवीन पॅकिंग मागवलं, सगळं जसं होतं तसं बसवलं. एक वायसरसुद्धा उरला नाही. देवळापर्यंत गेला, पहिल्यातच परत आला. चंदूनं या वेळी काही चेष्टा केली नाही.

रविवारी समीक्षा आली. ती फाट्यावरून चालत वर येईपर्यंत चिंब भिजली होती. चहा पिता पिता आईनं तिला सगळं सांगितलं. समीक्षा उठली, ओढणी कमरेला बांधली, म्हणाली, "चावी द्या. मी बघते."

महिपतनं चावी दिली. गाडी तिनं त्याच्याकडूनच शिकली होती, नदीकाठच्या मोकळ्या जागेत, कॉलेजला जायच्या आधी. "पहिल्यातच ठेव," तो म्हणाला. "जबरदस्ती करू नको."

ती निघाली. महिपत ओट्यावर बसून ऐकत राहिला. देवळाचं वळण आलं. आवाज खाली आला, पुन्हा चढला. दुसरा पडला होता. मग उताराला तिसरा. मग आवाज लांब गेला, डोंगराआड बारीक झाला. बऱ्याच वेळानं तो चढाला लागला तेव्हा तिसऱ्यावरून दुसरा, अवघड वळणाला दुसऱ्यावरून पहिला आणि वर आल्यावर पुन्हा दुसरा, असे सगळे गिअर त्याला घरबसल्या मोजता आले. एकही अडकला नाही.

समीक्षा अंगणात आली. "गाडी झकास हाय, आबा. पूर्वीपेक्षा मऊ झाली."

महिपतनं वाकून दांडी हातानं एकदा दाबून बघितली.

"तुमी चालवा, मी बाजूनं चालते."

त्याला नाही म्हणता आलं नाही. तो पहिल्यात हळूहळू निघाला, ती त्याच्या डाव्या अंगानं, नजर पायावर ठेवून. देवळाशी पोचायच्या आधीच तिच्या लक्षात आलं. बापाचा पाय दांडी दाबत होता, जोरात दाबत होता, पण दाबल्यावर उठत नव्हता. पंजा दांडीवर तसाच पडून राहत होता. घोटा वर वळतच नव्हता. दांडीला परत यायला जागाच मिळत नव्हती.

"आबा, थांबवा," ती म्हणाली. गाडी थांबल्यावर हळू आवाजात म्हणाली, "गाडीचं काय नाय. पाय उचलत नाय तुमचा."

"चप्पल जाड हाय," महिपत म्हणाला.

"चप्पल काढून टाका मग."

त्यानं चप्पल काढली. ओल्या रस्त्यावर अनवाणी पाय ठेवला. पंजा वर करून बघितला. बोटं हलली, घोटा जागचा हलला नाही. तो गाडी तिथंच ठेवून, काठीशिवाय, लंगडत घराकडं गेला आणि थेट गोठ्यात शिरला.

राहीबाई त्याच्या मागं गेली. तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

"तुला म्हाईत होतं?" त्यानं विचारलं.

"नाय. पण तुमाला होतं."

तो म्हशीची पाठ चोळत राहिला. मग म्हणाला, "स्प्रिंग बगितली तवाच कळलं. गाडीचं असतं तर मी केलं असतं गो. ह्ये कसं उघडू? हा पाय असाच ऱ्हायला तर? नाच गेला, गाडी गेली, मग मी खाटंवरच."

"डॉक्टरनं काय सांगितलं होतं? वर-खाली करा. तुमी केलंत चार दिवस."

"घमेल्यात पाय घालून माणूस किती बसणार?"

राहीबाईनं विचार केला. "मग गाडीवर बसा," ती म्हणाली. "स्टँडवर लावा आन् तिथं बसून दाबा. त्येबी वर-खालीच हाय ना?"

महिपतनं तिच्याकडं बघितलं. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण म्हणणं बरोबर होतं. फक्त एक अडचण होती. गाडी बंद असताना चाक फिरल्याशिवाय सगळे गिअर पडत नाहीत. कुणीतरी मागं बसून चाक फिरवायला हवं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या वाडीला नवीन बघायला मिळालं. सकाळी गोठा उरकला की पडवीत गाडी स्टँडवर, महिपत गाडीवर, आणि मागं पाटावर राहीबाई. एका हातानं ती चाकाचा टायर फिरवायची, दुसऱ्या हातानं टाकळ्याची भाजी निवडायची. महिपत पंजा दाबायचा, मग उचलायचा. उचलताना दात-ओठ खायचा. दुखायचं. न उचलता दाबलं की गिअर पडायचा नाही आणि राहीबाईला ते चाकावरून लगेच कळायचं.

"पडला नाय."

"पडला की."

"माझ्या हाताला कळतंय. उचला पाय."

सुंदराबाई जाता-येता विचारायची, "आज कुठपर्यंत गेलाव?" राहीबाई सांगायची, "पनवेल." कधी सांगायची, "अजून पोलादपूरच हाय, ह्यांचा दुसरा पडत नाय."

संसाराच्या इतक्या वर्षांत त्या दोघांनी रोज सकाळी असं सलग बसून कधी बोलणं केलं नव्हतं. त्याच्या मागं गाडी असायची नाहीतर नाच, तिच्या मागं म्हैस नाहीतर चूल. आता त्याला हलता येत नव्हतं आणि तिला चाक सोडता येत नव्हतं. तिनं विचारलं, गिअर असतात तरी कशाला? त्यानं सांगितलं, जसं तू डोक्यावर हंडा घेऊन चढाला लहान पावलं टाकतेस आणि रिकामी येताना मोठी, तसं. मग तिनं विचारलं, क्लच कशाला? त्याला दोन सकाळी लागल्या ते सांगायला.

महिपतनं एक सोय गाडीतही केली. दांडी जिथं बसते तिथं बारीक दाते असतात. त्यानं ती काढून एक दाता खाली करून बसवली, म्हणजे पुढचं टोक थोडं खाली गेलं आणि पंजा फार न उचलताही दांडी मोकळी व्हायला लागली. समीक्षानं फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गाडी एक पाऊल आली, मी एक जातोय."

श्रावण अर्धा सरला असेल, तेव्हा एका सकाळी तो देवळापर्यंत गेला आणि वळणावर आवाज बदलला. चंदू दात घासत होता, तो तसाच ब्रश तोंडात ठेवून रस्त्यावर आला. महिपत दुसऱ्यात गेला होता. थोडं पुढं गेल्यावर तिसराही पडला. परत येताना त्यानं हॉर्न वाजवला नाही, काही नाही, साधा येऊन अंगणात थांबला. पण थांबल्यावर गाडीवरून उतरेना. राहीबाई बाहेर आली तर म्हणाला, "लुगडं बदल. पोलादपूरला जाऊन येऊ."

उताराला तो जपून चालवत होता. पावसानं रस्ता जागोजाग उखडलेला. मोठ्या वळणाला त्याचा पाय थोडा रेंगाळला, तोच मागून राहीबाई म्हणाली, "दुसरा टाका." इतके दिवस हातानं चाक धरलेलं, तिला आता आवाजावरूनही कळायला लागलं होतं. महिपतनं दुसरा टाकला. पुढच्या चढाला ती पुन्हा म्हणाली. नाक्यावर पोचेपर्यंत तो वैतागला होता.

मुरारी गॅरेजच्या दारात उभा होता. त्यानं चहा मागवला आणि गाडीकडं बघत विचारलं, "झाली काय दुरुस्त? काय गेलं होतं?"

महिपतनं बशीत चहा ओतला. "माझा घोटा," तो म्हणाला. मुरारी हसायचं की नाही या विचारात पडला. राहीबाई हसली, तसा मग तोही हसला.

गणपतीत महिपत नाचला, पण पूर्वीसारखा नाही. पहिली संथ फेरी त्यानं धरली, आणि चाल जलद झाली तसा गोलातून बाहेर येऊन झांज हातात घेतली. आपली जागा चंदूच्या हर्षदला दिली. हर्षद मुंबईहून सुट्टी काढून आला होता, ताकदीचा गडी. त्याचा पाय एके ठिकाणी चुकत होता, महिपत झांज वाजवता वाजवता तिथं मान हलवायचा आणि हर्षद सावरायचा. नाच संपल्यावर घोटा दुखत होता. पाण्याचं घमेलं त्यानं न सांगता स्वतःच मागितलं.

भात कापून झालं, शेतं मोकळी झाली. दिवाळीला समीक्षा चार दिवस घरी होती. एका दुपारी राहीबाई अंगण सारवता सारवता म्हणाली, "त्या क्लचला जोर किती लागतो गो?"

समीक्षानं बापाकडं बघितलं. बापानं आईकडं बघितलं. मग तिघं गाडी ढकलत खालच्या कापलेल्या शेतात घेऊन गेले. राहीबाईनं लुगड्याचा काष्टा खोचला आणि बसली. समीक्षानं क्लच दाबायला लावला, महिपतनं पहिला टाकायला लावला. "आता क्लच हळू सोड," तो म्हणाला, "हळू, गाय सोडतेस तसा."

तिनं सोडला. गाडी एक हिसका खाऊन निघाली, भाताच्या धसकटांवरून उड्या घेत, सरळ, बांधाच्या दिशेनं. समीक्षा एका बाजूला हसत राहिली. महिपत गाडीच्या मागून पळत सुटला.

"थांबवायची कशी, सांगितलं नाय तुमी," राहीबाई पुढून विचारत होती.

"उजव्या पायाखाली ब्रेक हाय, तो दाब," महिपत पळता पळता म्हणाला.